चिमूटभर नवसागर

"…पण भंते, टाकीत मासेच नाहीत, तर खायला कोणाला घालायचं?"

भंते उपशांत यांनी डबीतून एक चिमूट घेतली. चिमूट टाकीवर धरून त्यांनी बोटं सैल केली. पांढरी पूड पाण्यात पडली, क्षणभर धुरासारखी दिसली आणि विरून गेली.

"उद्यापासून हे तू करायचंस," ते म्हणाले.

प्रभंजन खोब्रागडे भंडाऱ्याकडच्या त्या तळ्याकाठच्या विहारात रिकाम्या टाकीला खाऊ घालायला आला नव्हता. तो भिक्खूचं चीवर मागायला आला होता.

नागपुरात त्याचा मोठा क्लास होता. डॉक्टर होऊ पाहणाऱ्या पोरांना तो रसायनशास्त्र शिकवायचा, आणि असं शिकवायचा की चौकाचौकांत फलकांवर त्याचा फोटो झळकत असे. चाळिशी जवळ आली तसं ते सगळं त्याला फिकं वाटू लागलं. त्यानं क्लास धाकट्या भावाकडे सोपवला आणि धम्माचा अभ्यास सुरू केला. अभ्यासात तो कधी मागे पडलाच नव्हता. विहारात पाऊल ठेवलं तेव्हा त्याला सुत्तं पाठ होती, एक वेळच्या जेवणाची सवय झाली होती, मांडी घालून बसण्यातही तो कोणाला हार गेला नसता. आता फक्त चीवर तेवढं राहिलं आहे, अशी त्याची खात्री होती.

पहिल्याच दिवशी त्यानं रीतीप्रमाणे वंदन केलं आणि विचारलं, "भंते, मला दीक्षा केव्हा मिळेल?"

भंतेंनी त्याच्याकडे नीट पाहून घेतलं. मग त्याला मागच्या खोलीत नेलं आणि ती काचेची टाकी दाखवली.

टाकी चांगली पलंगाएवढी होती. बंद पडलेल्या एका हॉटेलातून उपासकांनी ती ट्रॅक्टरमध्ये भाताचं तणस पसरून, जपून आणली होती. गावच्या तळ्याच्या पाळीचं, म्हणजे बांधाचं, काम निघालं होतं आणि त्यासाठी उन्हाळ्यात तळं रिकामं करणार होते. मोठे मासे ढिवरांची मच्छीमार सोसायटी काढून नेणार होती. पण त्या तळ्यात आणखी एक मासा होता. बोटभर लांब, शेपटीपाशी काळा ठिपका. बाजारात त्याला कोणी विचारत नसे. आसपासच्या तळ्यांतून तो केव्हाच नाहीसा झाला होता, इथं तेवढा उरला होता. चिखल सुकला की इथूनही गेला असता.

चीवर घेण्याआधी भंते कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत. या माशाची आणि त्यांची ओळख तेव्हापासूनची. पावसानं तळं पुन्हा भरेपर्यंत यातले थोडे तरी जपायचे, असं त्यांनी ठरवलं होतं.

"मग अवघड काय आहे?" प्रभंजन म्हणाला होता. "पाणी भरलेलं आहे. मासे आणून सोडायचे."

"सोड. आठवडाभरात मरतील."

मग भंतेंनी त्याला सांगितलं ते असं. मासा जे खातो त्याचा शेवट अमोनियात होतो. तो पाण्यात साचला की माशाचे कल्ले जळतात. तळ्यात तो साचत नाही, कारण तिथं त्याच्यावर जगणारे जिवाणू असतात. त्यांतली एक जात अमोनिया खाऊन त्याचं नायट्राइट करते. तेही विषच. दुसरी जात ते नायट्राइट खाऊन नायट्रेट करते, आणि ते मात्र मासा बऱ्यापैकी सोसतो. नव्या टाकीत या दोन्ही जाती नसल्यासारख्याच. त्यांची वस्ती आधी वसवायची, मासे मागाहून बोलवायचे. आणि वस्ती वसवायची तर तिला पोटाला हवं. म्हणून नवसागर. कल्हईवाले वापरतात तोच, फक्त प्रयोगशाळेतला, शुद्ध. पाण्यात विरघळला की अमोनियाचं काम करतो.

प्रभंजनला मनातून हसू आलं. भंतेंनी नेमकं त्याच्या हातचं काम दिलं होतं. अमोनियावर तो तासभर बोलू शकला असता, आणि त्या दुपारी थोडाफार बोललाही. भंतेंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"किती टाकायचा?" प्रभंजननं शेवटी विचारलं.

"नळी फिकी हिरवी होईल, इतकाच."

काचेच्या नळीत टाकीचं पाणी घ्यायचं आणि बाटलीतले थेंब टाकायचे. अमोनिया नसला तर पाणी पिवळं. असला तर हिरवं, आणि जितका जास्त तितकं गडद. नायट्राइटची नळी वेगळी. ती निळी राहिली तर ठीक, जांभळी झाली तर विष आहे. शाळेतल्या पोरानंही केलं असतं असं काम.

प्रभंजननं मात्र ते आपल्या पद्धतीनं करायचं ठरवलं.

त्याचं गणित सरळ होतं. पोटाला जितकं जास्त, तितकी वस्ती लवकर वाढणार. उन्हाळा तोंडावर आला होता. चिमटीनं टाकत बसलो तर तळं आटेल तरी टाकी तयार होणार नाही. त्यानं दुसऱ्या दिवशी चमचा घेतला. तिसऱ्या दिवशी भरून घेतला.

नळी कडुलिंबाच्या जुन्या पानासारखी हिरवीगार झाली.

आणि तशीच राहिली.

रोज सकाळी तो नळी उजेडात धरी. तोच हिरवा. त्यानं पाणी थोडं कोमट ठेवून पाहिलं, हवेचा पंप वाढवला, वर आणखी नवसागर घातला. रंग हलायचं नाव घेईना. क्लासमध्ये वर्षानुवर्षं त्यानं जे सांगितलं ते फळ्यावर तसंच घडत आलं होतं. इथं पाणी त्याचं ऐकत नव्हतं.

शेवटी तो भंतेंकडे गेला आणि म्हणाला की तपासणीचे थेंब जुने झालेले दिसतात, नवे मागवावे लागतील.

भंते उठले. टाकीपाशी आले, नळी पाहिली आणि बादली मागितली.

मग त्यांनी टाकीतलं पाणी उपसायला सुरुवात केली. एक बादली खिडकीबाहेरच्या पपईला घातली, दुसरी शेवग्याला. प्रभंजन पाहत राहिला. बादल्यांमागून बादल्या जात होत्या.

"भंते, सगळी मेहनत वाहून चालली…"

"कुठली?"

"जिवाणू. जे काही थोडे तयार झाले असतील ते."

भंते थांबले. चीवर सावरून त्यांनी हात तळाशी घातला, एक खडा उचलला आणि प्रभंजनच्या तळहातावर ठेवला.

खडा बुळबुळीत लागला. अगदी थोडासा, पण बुळबुळीत.

"ते पाण्यात राहत नाहीत," भंते म्हणाले. "यावर राहतात. खड्यावर, काचेवर, त्या गाळणीच्या स्पंजात."

"मग पाण्यात काय होतं?"

भंतेंनी हिरवी नळी त्याच्यासमोर धरली.

प्रभंजननं खडा परत पाण्यात सोडला. मग तोच हळू आवाजात म्हणाला, "माझं गणित होतं."

भंतेंनी बादली त्याच्या हातात दिली.

अमोनिया फार झाला की जे जिवाणू त्याच्यावर जगतात तेच त्यात गुदमरतात. प्रभंजनला हे ठाऊक नव्हतं असं नाही. कुठंतरी वाचलेलंही होतं. पण ठाऊक असलेली गोष्ट आपल्याला लागू आहे हे त्या दिवशी बादल्या वाहताना त्याच्या ध्यानात आलं. साठवणीच्या पिंपातलं, दोन दिवस उघडं ठेवून, क्लोरीन उडून निवलेलं पाणी त्यानं टाकीत भरलं. मग मोजून चिमूटभर नवसागर टाकला.

हळूहळू हिरवा फिकटला. मग एका सकाळी नळी चक्क पिवळी निघाली. दुसरी नळी त्याच दिवशी गडद जांभळी झाली, म्हणजे पहिली जात कामाला लागली होती. प्रभंजनला इतका आनंद झाला की त्यानं तो भांडी घासणाऱ्या उपासिकांनाही सांगितला. त्यांना नळीतलं काही कळलं नाही, पण त्या हसल्या.

एवढ्यावर थांबला असता तर बरं झालं असतं.

जिल्ह्याच्या गावाहून उपासकांची काही मंडळी टाकी बघायला येणार, असा निरोप आला. प्रभंजननं सकाळपासून खोली झाडली, काच पुसली. गाळणीचा स्पंज मात्र गाळानं तपकिरी झाला होता, हाताला चिकट लागत होता. पाहुण्यांना हे काय दाखवायचं? त्यानं तो नळाखाली धरला आणि पांढरा होईपर्यंत पिळून पिळून धुतला. नळाच्या पाण्याला ब्लिचिंग पावडरचा वास येत होता, गावात साथ येऊ नये म्हणून ग्रामपंचायत ती नेमानं टाकत असे.

मंडळी आली, टाकी पाहून खूश झाली. प्रभंजननं त्यांना दोन्ही जातींची कामं समजावून सांगितली, आणि तळं रिकामं व्हायच्या आत टाकी तयार असेल असा शब्दही दिला. निघताना त्यांतले एक वयस्क गृहस्थ म्हणाले की असा शिष्य मिळणं भंतेंचं भाग्यच.

दुसऱ्या सकाळी नळी हिरवी होती. तिसऱ्या सकाळीही.

या वेळी त्यानं थेंबांना दोष दिला नाही. तो भंतेंसमोर जाऊन उभा राहिला आणि त्यानं स्पंजाचं सांगितलं.

भंते तेव्हा ओट्यावर बसून चीवर शिवत होते. सुई थांबली नाही.

"का धुतलास?"

"घाण झाला होता."

"हं… आज सकाळी पंचशील म्हटलंस?"

"रोजच म्हणतो, भंते."

"पहिलं शील कोणतं?"

प्रभंजननं म्हणायला तोंड उघडलं. पाणातिपाता… प्राण्याची हत्या करणार नाही. लहानपणी आईच्या मांडीवर बसून तो ते म्हणायला शिकला होता. हजारदा म्हटलेली ती ओळ आज त्यानं अर्ध्यावर सोडली; नळाखाली पिळलेला स्पंज त्याला आठवला.

भंतेंनी दोरा दातानं तोडला.

"खडे धुतलेस का?"

"नाही."

"मग आहेत काही."

इतकंच बोलून त्यांनी सुईत नवा दोरा ओवला. त्यांनी रागावं, असं प्रभंजनला मनापासून वाटत होतं. ते रागावले नाहीत.

त्या दिवसापासून त्यानं अर्ध्या चिमटीवर काम सुरू केलं. थोडे उरलेत, त्यांना पचेल इतकंच द्यायचं. स्पंजाला त्यानं हात लावला नाही, तो पुन्हा तपकिरी होऊ लागला तेव्हा त्याला बरं वाटलं. दुपारी वीज जायची आणि पंप बंद पडायचा. हवेशिवाय स्पंजातली वस्ती गुदमरते, म्हणून तो स्टुलावर बसून तांब्यानं पाणी उचलायचा आणि वरून टाकीत सोडायचा. वीज येईपर्यंत उचलायचा आणि सोडायचा. खांदे भरून येत. समोर काचेत पाण्यावाचून काही दिसत नसे.

दीक्षेबद्दल त्यानं त्या दिवसांत विचारलं नाही. मनात धरून गप्प राहिला असं नाही, खरंच विसरला होता.

मग एका संध्याकाळी दसाराम मेश्राम आला. ढिवरांच्या सोसायटीतला हा जुना, जाणता माणूस. भंतेंना वंदन करून तो पायरीवर टेकला आणि म्हणाला, "उद्या पाणी सोडतेत जी. दोन-तीन दिसांत तळ उघडा पडंल. तुमचे बारके मासे मी धरून ठेवीन. टाकी तयार हाये ना?"

भंतेंनी प्रभंजनकडे पाहिलं.

प्रभंजनच्या डोळ्यांसमोर सकाळच्या दोन नळ्या होत्या. अमोनियाची नळी पिवळी होती, स्वच्छ पिवळी. नायट्राइटची नळी निळी. पण त्या निळ्यात जांभळ्याची एक झाक होती. इतकी हलकी, की दुसऱ्या कोणाला दाखवली असती तर त्यानं ती निळीच म्हटली असती. जिल्ह्याच्या मंडळींना तर आपण शब्द दिलेला. आणि बाहेर तळं रिकामं होणार.

"तयार आहे," हे शब्द जिभेवर आले होते.

"नाही," तो म्हणाला. "तयार नाही."

"मंग केव्हा होते?"

"…माहीत नाही, दसारामभाऊ."

असं वाक्य आपण याआधी कोणासमोर बोललो होतो का, ते त्याला आठवेना.

दसारामनं तळ्याच्या पाळीकडे बोट केलं. मग त्यानं वाट काढली. पाळीच्या बुडाशी एक खोलगट डबरा आहे, पाणी तिथं सगळ्यात शेवटी आटतं. त्यात बारीक जाळीचा पिंजरा लावून मासे त्यात ठेवतो, वरून पळसाच्या फांद्यांची सावली करतो, असं तो म्हणाला. "पर ऊन हाये जी," उठताना त्यानं बजावलं. "लय दिस दम धरनार नाहीत."

पुढचे दिवस प्रभंजनला जड गेले. सकाळी नळी, दुपारी डबरा. तळं डोळ्यांदेखत चिखल होत गेलं, बगळे उतरू लागले. डबऱ्यातलं पाणी रोज थोडं खाली जाई. जाळीत मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडं उघडत. एक दिवस काही पालथे तरंगताना दिसले. दसारामनं ते गुपचूप बाजूला काढले. प्रभंजनच्या मनात आलं, आत्ताच्या आत्ता घेऊन जावं सगळे. झाक असून असून असते केवढी!

तो विहारात आला, पुन्हा नळी केली. झाक होती.

त्यानं मासे आणले नाहीत. विजेची वाट पाहत तांब्यानं पाणी उचलत राहिला.

आणि मग एका सकाळी निळी नळी निळीच राहिली.

त्याचा विश्वास बसेना. नळी धुऊन त्यानं पुन्हा पाहिलं. तशीच. आता घाई करायला हरकत नव्हती, पण त्यानं आणखी एक दिवस घेतला. चिमूटभर नवसागर पुन्हा टाकला, पूर्ण चिमूट, आणि दुसऱ्या सकाळपर्यंत थांबला. अमोनिया पिवळा. नायट्राइट निळं. दिलेलं सगळं जिवाणूंनी रात्रीतून संपवलं होतं.

साचलेलं नायट्रेट जावं म्हणून त्यानं टाकीतलं बहुतेक पाणी उपसून पपईला आणि शेवग्याला घातलं. या वेळी हात कचरला नाही. निवलेलं पाणी भरलं, आणि पायात चप्पल न घालता डबऱ्याकडे धावत गेला.

दसारामनं मासे निळ्या पिंपातून आणले. एकदम सोडायचे नव्हते. प्रभंजन पिंपात टाकीचं पाणी थोडं थोडं घालत राहिला, माशांना त्याची सवय होईपर्यंत. मग लहान जाळीनं एकेक खेप टाकीत उतरवली.

मासे आधी तळाशी जाऊन दबले. दुपार कलली तसे वर आले. आणि मग सगळे मिळून एका बाजूनं दुसऱ्या बाजूला वळले. खिडकीतलं ऊन त्यांच्या अंगावरून सरकलं.

दुसऱ्या सकाळच्या नळ्या पिवळी आणि निळी. त्यापुढच्या सकाळच्याही. टाकीतला एकही मासा दगावला नाही. पावसानं तळं भरलं तेव्हा दसारामनं ते स्वतःच्या हातानं परत सोडले, आणि तोवर टाकीत काही पिल्लंही झाली होती. प्रभंजनला चीवर पुढे मिळालं. ती गोष्ट निराळी.

पण ज्या दिवशी मासे आले त्या संध्याकाळचं सांगायचं राहिलं. बातमी लागताच गाव लोटलं होतं. बायका कडेवर पोरं घेऊन आल्या होत्या, ढिवर मोहल्ल्यातली म्हातारी माणसं काचेला नाक लावून उभी होती. ज्या माशाला बाजारात कोणी विचारत नव्हतं त्याच्याकडे सगळे टक लावून पाहत होते. पाणी किती निर्मळ आहे म्हणून जो तो नवल करत होता.

प्रभंजन मागे, भिंतीशी, भंतेंच्या शेजारी उभा होता. बऱ्याच वेळानं तो त्यांच्याकडे झुकला आणि हळूच म्हणाला, "भंते, एवढं सगळं ज्यांनी केलं ते त्या स्पंजात आहेत, खड्यांवर आहेत. त्यांच्याकडे कोणाचं लक्षसुद्धा नाही. सगळे मासेच बघतात."

भंतेंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याला गर्दीत पुढे सारलं.

"मग तूही मासे बघ."